माळावरचं एक अंडं

आणखी एक पाऊल पुढं टाकलं असतं, तर ते माझ्या बुटाखाली आलं असतं.

गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, वारा नेहमीसारखा पिसाटलेला, आणि त्या गवतात हातभर मोकळी जागा. तिथं, उघड्या मातीवर, एक अंडं. ना काडी, ना पीस, ना खळगा. कोंबडीच्या अंड्याच्या दुपटीहून मोठं, मातकट हिरवं, वर तपकिरी डाग. कुणीतरी बाजाराहून येताना पिशवीतून पडावं तसं ते पडलं होतं. मी मान वर करून चहूकडे पाहिलं. क्षितिजापर्यंत गवत आणि वारा. पक्षी कुठंच नव्हता.

मी उकिडवा बसलो आणि अंड्याला पालथा हात लावला. ते उबदार होतं.

माळढोकाचं अंडं होतं ते. आमच्या माळावर त्या वर्षी एक नर आणि दोन माद्या दिसल्या होत्या, आणि माळढोकाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. त्या मोसमात आमच्या हद्दीत सापडलेलं ते पहिलं आणि एकुलतं एक. आणि ते कुणाच्या ताब्यात सापडलं, तर माझ्या. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, वनरक्षक म्हणून लागून आठ महिने झाले होते आणि सोलापूरकडच्या त्या माळाबद्दल मला काडीचीही अक्कल नव्हती.

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठचा, वेळसईचा. आमच्याकडे पंधरा दिवसांत पडतो तेवढा पाऊस या माळाला वर्षभर पुरवून खावा लागतो. आमच्याकडे नजर दहा पावलांवर झाडाला अडते, इथं ती अडतच नाही. पहिले काही महिने मला संध्याकाळी अक्षरशः भीती वाटायची. पाठ टेकायला एक झाड नाही. पत्र्याची चौकी, पाण्याचं पिंप, दुर्बीण आणि वारा. बोलायला माणूस नाही. मोबाइलला रेंज यायची ती टेहळणीच्या मनोऱ्याच्या वरच्या पायरीवर, तीही मिजाशीत.

पण अंड्यांचं मला कळतं, असा माझा समज होता. का नसावा? सोळाव्या वर्षापासून मी आमच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखली होती. कासवी भरतीबरोबर येते, वाळूत खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात जाते. मग कोल्ही आणि कुत्री येतात. म्हणून आम्ही अंडी अलगद उकरून काढायचो, कुंपणातल्या वाळूत पुन्हा पुरायचो, वरून जाळी टाकायचो. पन्नासेक दिवसांनी पिल्लं. माझ्या हातून किती हजार पिल्लं समुद्रात गेली असतील, देव जाणे. त्या कामाच्या दाखल्यावरच मुलाखतीत माझं कौतुक झालं होतं.

माळावर माझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, मायाक्का वाघमोडे. साठीची धनगरीण, कमरेत ताठ, हातात काठी, मागं दीडदोनशे मेंढरं. पाण्याच्या निमित्तानं चौकीवर यायची आणि माझी थट्टा करून जायची.

"काय रं कोकण्या, करमतंय का? का मासळीच्या वासाबिगर झोप येत न्हाई?"

एकदा तिनं विचारलं होतं, "कासवी म्हनं नुसत्या नदरंनं पिलं वाढीवती. खरं हाय का रं ते? आमचं म्हातारं सांगायचं."

"काही नाही हो आक्का. अंडी घालते आणि निघून जाते. मागं वळूनसुद्धा बघत नाही. मी शंभरदा पाहिलंय."

"आगं बया. आन् तुजी आय?"

"तीही तशीच," मी हसत म्हणालो.

मायाक्का हसली नाही. मी मग सांगून टाकलं, कारण सांगायला दुसरं होतं कोण? बाप मासेमारीच्या बोटीवर गेला तो आला नाही. मी चार वर्षांचा. वर्षाच्या आत आईनं दुसरं घर केलं आणि मला काका-काकीच्या पदरात टाकून खेडच्या पलीकडे डोंगरात निघून गेली. पुन्हा फिरकली नाही. काकीनं पोटच्या पोरासारखं वाढवलं. तक्रार नाही.

"तक्रार न्हाई म्हनतोस," मायाक्का तांब्या उपडा घालत म्हणाली. "तरी पन आयला कासव म्हनू ने, लेका."

तर ते अंडं.

आमचे वनपाल ढोबळे यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "भुवड, माळढोकाचं काम म्हंजे लांबून बघायचं काम. हात लावायचा न्हाई, जवळ जायचं न्हाई. दिसलं की मला सांगायचं." पण ढोबळे त्या आठवड्यात प्रशिक्षणाला पुण्याला गेले होते. मी मनोऱ्यावर चढून तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा बंद. खाली उतरून दोन तास दुर्बिणीतून पाहत बसलो. मादी आली नाही. आलं ते खोकड. शेपूट फुलवून, वाऱ्यावर नाक धरून, अंड्यापासून शंभर पावलांवरून गेलं. सकाळी त्याच बाजूला तीन भटकी कुत्री पाहिली होती. शिवाय उद्यापासून मायाक्काची मेंढरं त्याच अंगाला चरायला येणार होती.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. आई गेली. आता अंड्याचं कोण? आपण.

पक्षी अंड्यावर बसतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. कोंबडी कोणी पाहिलेली नसते? पण मी म्हटलं, येईलच परत तर पंख आहेत की तिला. वरून उतरेल. अंडं उचलायचा धीर झाला नाही, तेवढी बुद्धी देवानं शाबूत ठेवली. कोयता घेतला, ओढ्याकाठच्या बोरी-बाभळीच्या काट्या तोडल्या, ओढत आणल्या आणि अंड्याभोवती गोल कुंपण घातलं. कमरेएवढं, दाट, कुत्र्याचं नाकसुद्धा आत जाणार नाही असं. हात रक्ताळले. दार काही ठेवलं नाही. कासवाच्या कुंपणाला दार असतं ते आम्हा माणसांसाठी. आईसाठी दार ठेवायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

काम संपवून मनोऱ्यावर बसलो तेव्हा छाती भरून आली होती, खोटं कशाला बोलू. आठ महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की या माळाला माझा काहीतरी उपयोग आहे.

ऊन कलता कलता ती आली.

उडत नाही आली. चालत आली. ओढ्याच्या उताराकडून, लांबून, एक एक पाऊल मोजून, मान उंच, डोक्यावर काळी टोपी. मध्येच थांबायची, चहूकडे पाहायची, पुन्हा चालायची. मी श्वास रोखून दुर्बीण लावली. कुंपणापासून वीसेक पावलांवर ती थबकली. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं कुंपणाला वळसा घातला. पूर्ण वळसा. जिथून निघाली तिथं येऊन थांबली आणि पुन्हा चालू लागली.

"उड ना," मी मनोऱ्यावरून पुटपुटत होतो. "पंख आहेत ना तुला? उड आणि उतर आत."

ती उडाली नाही. अंधारून दिसेनासं होईपर्यंत ती फिरतच होती. चवथ्या की पाचव्या फेरीला मी दुर्बीण खाली घेतली. असं फिरताना मी कुणाला तरी पाहिलं होतं. कुठं, ते आठवेना. सवय होईल तिला, सकाळपर्यंत आत गेलेली असेल, असं म्हणून मी खाली उतरलो. त्याच वेळी धावत जाऊन काट्या का उपसल्या नाहीत, हा प्रश्न मला पुढं कुणी विचारला नाही. मीच विचारतो अधूनमधून.

सकाळी फटफटलं तेव्हा ती तिथंच होती. वारा झोंबत होता, बारीक भुरभुर सुरू होती. ती कुंपणाच्या एका बाजूला उभी राहून आत पाहत होती. काट्यांतून अंडं तिला दिसत असणार.

खालून हाक आली. "कोकण्या! ए कोकण्या! ते काय रचलंयस रं माळावर?"

मायाक्का मेंढरं मागं ठेवून एकटीच आली होती. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभी राहून तिनं कपाळावर हात धरला. तिला दुर्बीण लागत नव्हती.

"हूम हाय ती. आमच्यात हूम म्हनत्यात हिला. तिचं अंडं हाय व्हय आत?"

"हो. खोकड फिरत होतं आक्का. कुत्रीही होती. म्हणून मी..."

"आन् ती कुटनं जायाची आत?"

"उडून. मला वाटलं, वरून..."

"आरं, ती मोराएवढ्या वजनाची बाई! ती का चिमनी हाय, टपकन उतरायला? ती लांब उतरती, चालत येती, चौबाजूला बघती आन् मंग बसती. सगळं दिसल्याबिगर ती टेकायची न्हाई. तिच्याभवती तू भिंत घातलीस व्हय रं?"

"पण ती अंडं सोडून गेली होती आक्का! दोन तास पाहिलं मी. कुणी नव्हतं."

"पोटाला नको तिच्या? जाती चरायला, येती परत." मग ती थांबली. "हात लावलावतास का अंड्याला?"

"हो."

"ऊन व्हतं का गार?"

"उबदार होतं. मला वाटलं, उन्हानं..."

"काल ऊन कवा पडलं रं?"

काल सकाळपासून आभाळ झाकलेलं होतं. ढग फाटून ऊन आलं ते दिवस कलताना. ती ऊब उन्हाची नव्हती. मी पोचायच्या घटकाभर आधी ती तिथं बसलेली होती, माझ्या बुटांची चाहूल लागली म्हणून उठून गेली होती.

आम्ही दोघांनी मिळून काट्या उपसल्या. आम्हाला येताना पाहून मादी मान खाली घालून लांब लांब गेली आणि मग जड पंखांनी उडाली. मायाक्का कोयत्याशिवाय, नुसत्या हातांनी काट्या ओढत होती आणि तोंडानं मला शिव्या देत होती. शेवटची फांदी बाजूला टाकून ती खाली बसली. अंड्याला तिनं हात लावला नाही. त्यावर पावसाचे थेंब होते.

"आय आत आली न्हाई म्हंजे ती सोडून गेली, आसं न्हाई, लेका," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता. "आदी काट्या कुनी घातल्या ते बघावं."

आणि तेव्हा मला आठवलं.

मी सहा-सात वर्षांचा असेन. आषाढाची झड लागलेली. आमच्या घराभोवतीच्या दगडी गडग्याच्या बाहेर काळी छत्री घेतलेली एक बाई उभी होती. मी खिडकीच्या गजांतून पाहत होतो. ती बेड्यापाशी आली. बेडं म्हणजे आमच्याकडचं फाटक. दोन खांबांत आडवे वासे सरकवलेले असतात. काका वाशांच्या अलीकडे उभा होता. काहीतरी बोलणं झालं. मग ती गडग्याच्या कडेकडेनं चालू लागली. घराच्या मागच्या बाजूनं गेली, पुन्हा पुढं आली, पुन्हा मागं गेली. छत्री तेवढी गडग्यावरून सरकताना दिसायची. काकीनं मला खिडकीतून ओढून आत नेलं.

"कोण आहे गं?"

"कासारीन हाय. बांगड्या भरायला आलेली."

मला ते पटलं होतं. फक्त एक गोष्ट खटकली होती, लहान मुलांना अशाच गोष्टी खटकतात. त्या बाईकडे बांगड्यांची पेटी नव्हती, आणि संध्याकाळी काकीच्या हातातही जुन्याच बांगड्या होत्या.

दोन दिवस मी मनोऱ्यावरून हललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मादी एकदा आली. चालत, लांबून. आता कुंपण नव्हतं, काही नव्हतं, नुसती मोकळी जमीन. अंड्यापासून दहा पावलांवर ती थांबली आणि तिनं पाहिलं. मी धरलेला श्वास सोडला तशा दुर्बिणीच्या काचा धुकटल्या. पुसून पुन्हा लावल्या तर ती पाठमोरी झाली होती. ती पुन्हा आली नाही. अंडं थंडगार पडलं. ढोबळे आले, त्यांनी अंडं पाहिलं, आणि मी अहवालात सगळं जसं घडलं तसं लिहिलं. त्याची नोटीस मिळाली, ती मी अजून जपून ठेवली आहे. त्यानंतर आमच्या माळावर माळढोकाचं अंडं कुणाला सापडलं नाही. दुसऱ्या वर्षी एकच मादी दिसली, तिसऱ्या वर्षी एकही नाही. ते सगळं माझ्यामुळे झालं असं कुणी म्हणणार नाही. पण एक अंडं माझ्यामुळे गेलं, आणि एक म्हणजे तिथं काही थोडं नव्हतं.

त्याच वर्षी गणपतीला चार दिवसांची रजा मिळाली. घरी गेलो तेव्हा काकी चुलीपुढं नारळ खोवत होती. काका जाऊन तीन वर्षं झाली होती. मी पाटावर बसलो आणि कसलीही प्रस्तावना न करता विचारलं, "काकी, ती कासारीण कोण होती?"

खोवणी थांबली. कुठली कासारीण, असं तिनं विचारलं नाही, म्हणजे उत्तर मिळालंच होतं.

"तीनदा आलेली," काकी म्हणाली. "पयल्या वेळेस आत घेतली तिला. तू मांडीवरनं उतरेनास. ती गेली नि तू आठ दिस जेवलास नाय. तापान फनफनलास. मग काका बोलला, पोराच्या जिवावर येतंय, नको आता. तुज्या भल्यासाठीच रे बाबा. आमाला काय वैर होता तिच्याशी?"

"आणि कासारीण म्हणून सांग, असं काकाच म्हणाला?"

काकीनं पदर डोळ्यांना लावला. "नाय. तीच बोलली. बेड्याच्या भायर उभी ऱ्हावून बोलली, त्याला सांगू नको आयस आलेली. बोल, कासारीन आलेली. नायतर परत जेवायचा नाय."

चुलीतलं लाकूड फुटलं. मी ते आत सारलं. काकीवर राग धरावा असं वाटत होतं आणि धरवत नव्हता. माझ्याच हातांवरचे काट्यांचे ओरखडे अजून पुरते वाळले नव्हते.

"आता कुठं असते?"

"तितंच. घोव गेला तिचा. एकलीच असते म्हनतात."

गौरीच्या दिवशी मी खेडला उतरलो. पुढं जीप, मग दीड तास चाल. पाऊस असा की छत्री असून नसल्यासारखी. वाडीच्या टोकाला तिचं घर कुणीतरी बोटानं दाखवलं. कौलारू, एका बाजूला वाकलेलं, भोवती शेवाळलेला गडगा. बेड्यापर्यंत गेलो आणि पाय अडले. काय सांगायचं? कोण म्हणून सांगायचं? मी गडग्याच्या कडेकडेनं चालू लागलो. मागच्या बाजूला पडवळाचा मांडव होता. पुन्हा पुढं आलो. वयाआधीच म्हातारी झालेली एक बाई अंगणात टोपलीखाली कोंबडी झाकत होती. डोक्यावर इरलं, हात काटकुळे, हातात बांगडी नाही. तिची पाठ होती माझ्याकडे. मी पुन्हा मागं गेलो. तिसऱ्या फेरीला मला माझ्या पावलांची लाज वाटली. आणखी एक फेरी, आणि मी परत उताराला लागलो असतो, हे मला पक्कं माहीत होतं.

मी बेड्यापाशी येऊन थांबलो. तिनं वळून पाहिलं असावं, कारण आवाज आला, "कोन पायजे?"

मला आई म्हणता येईना. वीस वर्षांत तो शब्द मी कुणाला उद्देशून उच्चारला नव्हता.

"मी," मी म्हणालो, "कासारणीचा मुलगा."

कोंबडी टोपलीखालून निसटून पळाली. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. ती तशीच उभी राहिली, पावसात, माझ्यावर डोळे लावून. मग ती चालत आली, हळूहळू, एक एक पाऊल टाकत. तिनं वरचा वासा सरकवला. मग मधला. खालचा निघेना. दोन्ही हातांनी ओढत होती.

"फुगलाय पावसान," ती म्हणाली.

"राहू दे," मी म्हणालो. "तो मी काढतो."